साहेबांच्या जागेवर

मी मूळचा अकाउंटंट. नाशिक रोडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस होतं आणि आता परत आहे. मधली काही वर्षं मी आमदार होतो, त्यातली शेवटची दोन राज्यमंत्री. लोकांना वाटतं त्या वर्षांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल. खरं म्हणजे फार थोडं आहे, आणि जे आहे ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आमचं घर फुलशेतीचं. शहराच्या कडेला एक गाव, तिथे वडिलोपार्जित अडीच एकर. झेंडू, शेवंती, थोडा गलांडा. वडील लवकर गेले तेव्हा माझा मोठा भाऊ नववीत होता. त्याने शाळा सोडली ती परत धरली नाही. मी शिकलो. सीएची परीक्षा मी दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा निकाल सांगायला शेतात गेलो तर दादा म्हणाला, "परत बस. फी हाय आपल्याकडं." तिसऱ्यांदा पास झालो तेव्हाही तो तेवढंच बोलला असेल, "बरं झालं." आमच्याकडे कुणी जास्त बोलत नाही.

ऑफिस काढलं तेव्हा जमिनीतला माझा हक्क मी दादाच्या नावे सोडून दिला. पहिली दहा वर्षं मी नोकरदारांची रिटर्न्स भरली, सटाण्याकडच्या कांदा व्यापाऱ्यांच्या वह्या तपासल्या. माझी बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, अजून शिकवते. एक मुलगी, ती पुण्याला शिकायला गेली. आयुष्य असंच चाललं असतं. पण एका व्यापाऱ्याने माझं नाव साहेबांना सुचवलं.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे नेते. तीन वेळा निवडून आलेले. निवडणुकीत उमेदवाराला रोजच्या खर्चाची वही ठेवावी लागते, ती निरीक्षकाला दाखवावी लागते. साहेबांची वही मी लिहायला लागलो. चहा किती, मांडव किती, गाड्या किती. मी जे बिल दिसेल ते लिहायचो, न दिसणाऱ्याबद्दल विचारायचो नाही. दोन निवडणुका अशा गेल्या. साहेब मला "सीए" म्हणायचे.

तिसऱ्या वेळी साहेबांना एका जुन्या प्रकरणात शिक्षा झाली. जामीन मिळाला, अपील दाखल झालं, पण निवडणूक लढवता येणार नव्हती. एका सकाळी त्यांच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. मला वाटलं, हिशोबाचं काहीतरी असेल, म्हणून मी फाइल घेऊन गेलो. साहेब झोपाळ्यावर बसले होते. खोलीत आणखी कुणी नव्हतं, हेच मला नवीन होतं.

ते म्हणाले, "सीए, तुम्हाला उभं राहायचंय."

"कुठं?" मी विचारलं. मला खरंच वाटलं, कोर्टात साक्षीदार म्हणून उभं राहायचं असेल.

"माझ्या जागेवर."

 साहेबच बोलत राहिले. "पोराला तिकीट दिलं तर भाऊ रुसतो. भावाला दिलं तर पोरगा घर सोडून जाईल. बाहेरच्याला दिलं तर तो परत देणार नाही. तुमच्यावर कुणी रुसणार नाही आणि तुम्ही परत द्याल. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो. प्रश्न शेवटच्या वाक्यापुरता होता असं समजून मी उत्तर दिलं, पण ते सगळ्याचंच उत्तर ठरलं.

घरी बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही. सांगितलं."

"तुम्हाला व्हायचंय का आमदार?"

मी विचार केला. मला व्हायचं नव्हतं, आणि व्हायचं नाही असंही नव्हतं. हे तिला कसं सांगायचं ते कळेना. मी म्हणालो, "बघू."  तिने पेन परत उचललं.

नाशिक रोडच्याच एका शिंप्याकडून सहा पांढरे शर्ट शिवून घेतले. फलकांवर वर साहेबांचा मोठा फोटो आणि खाली डाव्या कोपऱ्यात माझा. भाषण मला येत नव्हतं. मी उभा राहून दोन मिनिटं बोलायचो, मग साहेबांचा भाऊ अर्धा तास बोलायचा. लोक मला हार घालताना माझ्या खांद्यावरून मागे, साहेब आलेत का ते बघायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही हे बरंच वाटायचं.

मी निवडून आलो. गुलालाने डोळे चुरचुरत होते, जीपवर चार माणसं मला धरून उभी होती आणि खाली लोक नाचत होते. मला आठवतंय, मी त्या वेळी काहीतरी वाटण्याची वाट बघत होतो. म्हटलं थकवा आहे, उद्या वाटेल. दुसऱ्या दिवशीही काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ते मी विसरून गेलो.

दादा आणि वहिनी निकालाच्या दिवशी घरी आले होते. दादाने घरच्याच झेंडूचा हार आणला होता, जाड, दोन हातांत धरावा लागेल असा. दारात कार्यकर्त्यांची गर्दी होती. दादा त्यांच्यासमोर मला म्हणाला, "घ्या, साहेब." जन्मात पहिल्यांदा तो मला अहो-जाहो बोलत होता. मी मान वाकवली. हार ओला होता, शर्टाला पाणी लागलं.

पहिल्या वर्षी विधानसभेत मी जाडजूड पुस्तकं वाचत बसायचो. बाकीचे आमदार वाचत नाहीत असं नाही, पण मला दुसरं काही येतच नव्हतं. पुरवणी मागण्यांमध्ये एकदा मला एक रक्कम दोन ठिकाणी धरलेली सापडली. मी हात वर केला, उभा राहिलो, दाखवून दिली. समोरच्या बाकांवरून बाकं वाजली. आमच्या बाजूला शांतता. जेवणाच्या सुट्टीत साहेबांचा फोन आला.

"सीए, बेरीज बरोबर आहे का हे बघायला आपण तुम्हाला पाठवलेलं नाही."

"चूक होती, साहेब."

"असेल की. आपली नव्हती ना? मग बसायचं."

ते रागावले नव्हते. मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तसं बोलले. मी त्यानंतर बसूनच राहिलो. पुस्तकं मात्र वाचायचो. चुका सापडायच्या, समासात पेन्सिलीने छोटी खूण करायचो आणि पान उलटायचो.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. साहेबांच्या वाट्याला एक राज्यमंत्रीपद आलं, ते घेण्यासाठी साहेबांकडे मीच होतो. शपथ घेतली. प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र परत केलं. ऑफिस माझ्या भागीदाराने सांभाळायला घेतलं. खातं मला कळण्यासारखं नव्हतं, पण ते कळणारे अधिकारी होते. फायली यायच्या, त्यांवर कुठे सही करायची तिथे पिवळी चिठ्ठी लावलेली असायची.

आता जे सांगायचंय ते इथे येतं.

शहराबाहेरून जाणारा एक वळणरस्ता होणार होता. तो माझ्या खात्याचा नव्हता, पण त्याच्या समितीत मी होतो. एका बैठकीत त्याचा सुधारित आराखडा आला. दोन नकाशे होते, जुना आणि नवा. जुन्या नकाशात रस्ता सरळ जात होता. नव्या नकाशात तो एका मोठ्या मोकळ्या जमिनीला वळसा घालून डावीकडे सरकला होता. ती मोकळी जमीन कुणाची हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. नकाशाच्या मागे तक्ता होता, संपादन करायच्या जमिनींचे गट नंबर. मी सवयीने वरून खाली बोट फिरवत वाचत गेलो. दुसऱ्या पानावर, खालून चौथा, आमचा गट नंबर होता.

तो मला पाठ आहे. लहानपणापासून सातबारा घेऊन तलाठ्याकडे मीच जायचो. फ्रीशिपचा अर्ज, विहिरीचा अर्ज, विजेचा अर्ज, सगळ्यांवर मी तो लिहिला होता. बोट तिथे थांबलं.

समोरचे अधिकारी म्हणाले, "सर, काही शंका?"

"नाही," मी म्हणालो आणि पान उलटलं. पुढे सहीचं पान होतं. सही केली.

मी घाबरलो होतो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. किंवा साहेबांच्या उपकाराखाली होतो, किंवा माझं मन मला खात होतं. तसं काही नव्हतं. बैठकीनंतर जेवण होतं. भेंडीची भाजी होती, ती मला आवडते. मी दोनदा घेतली. संध्याकाळी गाडीत बसल्यावर एकदा मनात आलं, दादाला फोन करावा. मग दुसरा कुणाचा तरी फोन आला.

मोजणी झाली, हद्दीचे दगड लागले. वर्षभर गेलं. या काळात मी गावी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कार्यक्रमाला. दगड रस्त्यावरून दिसत होते. दादाने विषय काढला नाही, मीही नाही.

नोटीस आली तेव्हा दादा माझ्या नाशिकच्या संपर्क कार्यालयात आला. शनिवारी लोकांना भेटण्याची वेळ असायची. त्याने पीएला काही सांगितलं नाही, बाकीच्यांबरोबर चिठ्ठी घेतली आणि बाकावर बसला. मला ते कळलं तेव्हा त्याच्या आधीची दोन माणसं राहिली होती. मी उठून बाहेर गेलो नाही. वाटलं, दोघंच तर आहेत.

तो आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला. नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणली होती. पीए उभा होता, त्याला मी बाहेर पाठवलं.

दादा म्हणाला, "जाऊंद्या म्हणतो मी जमीन. सगळ्यांचीच चाललीय. मोबदला बी वाईट नाय." मग दार बंद झालेलं बघून सवयीच्या भाषेवर आला. "पण यंदा सगळा झेंडू लावलाय. दसऱ्याला तोडा सुरू होईल, दिवाळीपर्यंत चालंल. तेवढं थांबवता आलं तर बघ. दिवाळी झाली की मी स्वतःच्या हातानं मोकळं करून देतो."

"बघतो," मी म्हणालो.

"पाण्याचं, खताचं सगळं झालंय. आता फक्त तोडायचं राह्यलंय."

"सांगतो त्यांना."

तो उठला. दारापाशी थांबला. "तुला आधी कळलं नव्हतं का रे?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि गेला. मी पीएला बोलावून सांगितलं, की भूसंपादनाच्या अधिकाऱ्यांशी बोलून दिवाळीपर्यंत मुदत घ्या. पीएने वहीत लिहून घेतलं. दोन दिवसांनी म्हणाला, "बोललोय, सर. बघतो म्हणालेत." त्यानंतर अधिवेशनाच्या तयारीत तीन आठवडे गेले. त्या अधिकाऱ्यांची मधल्या काळात बदली झाली. नवीन आलेल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मी परत विचारलं नाही. मी ते टाळलं असंही नाही. मी विसरलो.

दसऱ्याला आठ दिवस असताना सकाळी वहिनीचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत.

"भाऊजी, मशीन आलंय."

मी त्या दिवशी नाशिकलाच होतो, संध्याकाळी एका सभागृहाचं उद्घाटन होतं. ते तसंच ठेवून गावी गेलो. बांधाशी पिवळं खोदायचं मशीन उभं होतं, शेजारी ठेकेदाराचा सुपरवायझर. माझी गाडी बघून तो धावत आला. त्याच्याकडे कागद होते आणि ते बरोबर होते. मी वाचले.

"हे शेत कुणाचं आहे माहीत आहे का?" माझ्याबरोबरचा पोलीस त्याला म्हणाला.

मी पोलिसाला गप्प बसवलं. बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सीए, घरचं काम आहे हे तुम्ही आधी बोलायचं होतं. मी तेव्हाच काहीतरी केलं असतं. आता मशीन थांबवलं तर उद्या पेपरात येईल, मंत्र्याच्या भावासाठी रस्ता अडला. तुम्हालाच त्रास."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी सुपरवायझरकडे परत गेलो. तो म्हणाला, "सर, माझ्या हातात एवढंच आहे. संध्याकाळी पाचपर्यंत थांबतो. तोवर तुम्ही काय काढायचं ते काढा."

एका मंत्र्याला पाच वाजेपर्यंतचा वेळ मिळाला. मी दादाला जाऊन सांगितलं. तो सरीत वाकून आधीच तोडायला लागला होता. "बरं," तो म्हणाला. वर पाहिलं नाही.

गावातली आणखी आठ-दहा माणसं आली. क्रेट कमी पडले तेव्हा घरातली पातेली, चादरी, खताच्या रिकाम्या गोण्या आल्या. मी चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि एका सरीत शिरलो. झेंडू तोडायची एक पद्धत असते, देठ दोन बोटांत धरून नखाने झटकन मोडायचा. हाताला ती आठवत होती. फुलं अजून पूर्ण भरली नव्हती, निम्म्या तर कळ्याच. आठ दिवस मिळाले असते तर एकेक मुठीएवढं झालं असतं. दादा फुलं तेवढी तोडत होता, कळ्या सोडत होता. वहिनी कळ्याही तोडत होत्या. एकदा दादा त्यांना म्हणाला, "कळ्या कोण घेणार हाय?" त्या म्हणाल्या, "कुणी नको घेऊ दे." आणि तोडत राहिल्या.

दुपारी वहिनींनी सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं. "भाऊजी, कपडे खराब होत्यात," म्हणाल्या. शर्टाची पुढची बाजू पिवळी-हिरवी झाली होती. नखं काळी पडली होती. ऊन पाठीवर लागत होतं, कंबर दुखत होती, आणि मला एवढंच कळत होतं की कंबर दुखते आहे. सरीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर दादा होता. दिवसभरात तो माझ्याशी एक वाक्य बोलला. "ती सरी राह्यली." मी त्या सरीत गेलो.

पाच वाजेपर्यंत निम्मं शेत झालं असेल. दादाने टेम्पो भरला, वर जाळी बांधली, आणि मशीन सुरू व्हायच्या आत फूलबाजाराकडे निघून गेला. वहिनी घरात गेल्या. गावातली माणसं पांगली. मी बांधावर उभा राहिलो. मशीन उभ्या झेंडूतून पहिल्यांदा गेलं तेव्हा एकदम वास आला, कडवट, हिरवा. मग डिझेलचा वास आला. मी अर्धा तास उभा असेन. पोलीस म्हणाला, "सर, उद्घाटनवाले वाट बघतायत." मी गाडीत बसलो. वाटेत शर्ट बदलला, गाडीत एक जोड नेहमी असायचा.

मी सरीत वाकलेला असताना कुणीतरी फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. खाली लिहिलं होतं, मातीला न विसरलेला मंत्री. साहेबांचा फोन आला. "फोटो चांगला आलाय, सीए. तुम्हाला जमायला लागलं." मुलीने पुण्याहून तो फोटो मला पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मी तिला फोन केला नाही.

बायकोने तो शर्ट दोनदा भिजत घातला. डाग निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांकडे चला."

"मला काय झालंय?"

"काहीच होत नाही, तेच झालंय."

मी गेलो. रक्त तपासलं, ईसीजी काढला. डॉक्टर ओळखीचे होते, म्हणाले, "साहेब, रिपोर्ट सगळे नॉर्मल. जरा झोपा वेळेवर." बायको शेजारी बसली होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "माणसाला दुःख होत नसेल तर त्याची तपासणी असते का?" डॉक्टर हसले. ती हसली नाही.

पुढच्या निवडणुकीच्या आधी वरच्या कोर्टात साहेब सुटले. मिरवणूक निघाली, मी साहेबांच्या मागच्या गाडीत होतो. तिकिटाबद्दल साहेब माझ्याशी बोलले नाहीत, बोलायची गरजच नव्हती. साहेबांच्या माणसाचा फोन आला, "साहेब म्हणाले, फॉर्म ते भरतील. तुम्ही खर्चाची वही सांभाळाल ना?" मी म्हणालो, "सांभाळतो." आणि सांभाळली. तीच वही, तेच रकाने. साहेब आरामात निवडून आले.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "संपलं?"

"संपलं."

तिने कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. मग ती म्हणाली, "मला वाटलं होतं मला आनंद होईल." थोड्या वेळाने म्हणाली, "भात कमी पडेल का?" मी म्हणालो, पुरेल.

प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र पुन्हा घेतलं आणि मी ऑफिसला जायला लागलो. माझं टेबल भागीदाराने वापरायला घेतलं होतं. तो उठायला लागला, मी नको म्हणालो आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर बसलो. जुने अशील पहिल्यांदा जपून बोलायचे. महिन्याभरात त्यांना सवय झाली, ते परत उशिरा कागद आणून द्यायला लागले आणि माझ्यावरच वैतागायला लागले. ते मला आवडलं असावं.

जुलैमध्ये एक दिवस दादा आला. हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी, आत मोबदल्याचे कागद आणि पासबुक. त्याने त्या पैशातून शहरापासून लांब तीन एकर घेतले होते. पाण्याची सोय होती, बाजार लांब पडत होता.

"याच्यावर टॅक्स लागंल का ते बघ," तो म्हणाला.

मी कागद वाचले. "नाही लागत. पण रिटर्न भरून ठेवू."

"भर."

मी माहिती भरायला लागलो. एका ठिकाणी गट नंबर लिहायचा होता. मी कागदात न बघता लिहिला. दादा ते बघत होता.

"पाठ हाय अजून," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. हे बोलायचं मी काही ठरवलेलं नव्हतं. "दादा, मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. यादी आधी माझ्याकडेच आली होती. मी सही केली."

 खालून औषधाच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढल्याचा आवाज आला, दुपारच्या सुट्टीचा. भागीदार उठून बाहेर गेला.

"कधी?" दादाने विचारलं.

"नोटिशीच्या दीड वर्ष आधी."

"दीड वर्ष." त्याने पिशवीची घडी केली, परत उलगडली. "मंजी मी दगड बघून बी रस्ता सरकंल म्हणत बसलो. आधी सांगितलं असतं, तर मी झेंडू लावलाच नसता."

मी म्हणालो, "हो."

"पीक वाया गेलं नसतं. पाइपलाइन नवी टाकली मी त्या साली."

मला पाइपलाइनचं माहीत नव्हतं. तो रागावेल, उठून जाईल, असं मी धरून चाललो होतो. तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "साहेबांनी सांगितलं होतं का सही कर म्हणून?"

"नाही. कुणीच काही सांगितलं नव्हतं."

"मग?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा शोधलं, खरोखर शोधलं. पेन्सिलीच्या खुणा केलेली पानं आठवली, ती भेंडीची भाजी आठवली. "मला काहीच वाटलं नाही, दादा," मी म्हणालो. "नंबर वाचला आणि काहीच वाटलं नाही."

दादाने माझ्याकडे बघितलं, तसं त्याने मी नापास झालो तेव्हाही बघितलं होतं की नाही, मला आठवत नाही. तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला हे सांगू नको. ती नाय सोडायची तुला." आणि मग, "सही कुठं करायची?" मी जागा दाखवली. त्याने सावकाश सही केली, जिना उतरून गेला.

पुढचे चार महिने त्याचा फोन नव्हता. वहिनींना त्याने सांगितलं की नाही हे मला अजून ठाऊक नाही. त्या दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी मला फराळाचं ताट दिलं, नेहमीसारखं. बायको आणि त्या बराच वेळ आत बोलत होत्या. मी आणि दादा अंगणात होतो. तो म्हणाला, "सटाण्याला एक जुना ट्रॅक्टर इकायचाय म्हणत्यात. तुला येळ हाय का रविवारी?"

माझ्याकडे वेळच वेळ होता. रविवारी माझ्या गाडीने सटाण्याला गेलो.  रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची लागण चालली होती, वाकलेल्या बायकांच्या रांगा. ट्रॅक्टरवाल्याचं घर बाजार समितीच्या मागे होतं. म्हातारा माणूस, डोक्याला उपरणं. दादा इंजिन बघत होता तेव्हा म्हातारा मला निरखत होता. शेवटी त्याने दादाला अहिराणीत विचारलं, "हाऊ तुमना भाऊ शे का?"

"हो. धाकटा," दादा म्हणाला आणि टायर बघायला खाली बसला.

म्हाताऱ्याने पुढे काही विचारलं नाही. त्याने मला ओळखलं होतं की नाही, कुणास ठाऊक. सौदा ठरायला तासभर गेला. मी कागद तपासले, चेसिस नंबर नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला. जुळत होता. दादाला तसं सांगितलं. त्याने पैसे दिले.

परत येताना दादा ट्रॅक्टरवर आणि मी मागे गाडीत. ट्रॅक्टरचा मागचा दिवा लागत नव्हता, म्हणून दादा म्हणाला, मागंच राहा. मागून ट्रक हॉर्न वाजवायचे, मी त्यांना हाताने पुढे जायला सांगायचो. वाटेत दोनदा चहाला थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा दादाने इंजिनावर हात ठेवून बघितला. "तापत नाय," म्हणाला, "चांगला मिळाला." मी म्हणालो, हो. थंडी पडायला लागली होती. त्याने मफलर बांधला, मी गाडीचे दिवे लावले, आणि आम्ही निघालो.